नाही न म्हणणारा बोकुंगु

किन्शासात पैसेवाले बँडला पैसे मोजून गाण्यात स्वतःचं नाव घालून घेतात. सिमेंटवाल्या बोकुंगुनं आमच्या बँडच्या गाण्यात नावासोबत ‘मागणाऱ्याला नाही न म्हणणारा’ ही पदवीही विकत घेतली. गाणं देशभर गाजलं आणि त्याच्या दारात रांग लागली: कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासऱ्याची शवपेटी. नकार दिला की अख्खी गल्ली तीच ओळ गायची. दोन ट्रक विकल्यावर तो आमच्या तालमीला आला. “बाबांनो, माझं नाव काढा.” “पापा, लोकांच्या तोंडातून कसं काढू?” गायक म्हणाला; आमच्याकडे मोठ्या माणसाला पापाच म्हणतात. “मग ‘बोकुंगु कंगाल झाला’ असं नवं गाणं करा. लागतील ते पैसे देतो!” मी हसलो. “पापा, दुसऱ्यांदा गाण्यात नाव घालून घेणारा माणूस कंगाल झालाय, हे पटेल कुणाला?” तो मटकन बाकावर बसला. ढोलवाला अदबीनं जवळ सरकला. “पापा, बसलाच आहात, तर एक मागायचं होतं.”