तिसरं कडवं

पालघरपासून तारापूरपर्यंत ज्या गाण्यावाचून हळद लागत नाही, ते आपल्या आजोबांनी, खंडेरावांनी रचलं, असं भाग्येश आणि विनोद हे चुलतभाऊ छातीठोक सांगत. भांडण एवढंच, की ते कुणाच्या चॅनेलवर राहणार.

बोईसरच्या हॉलात मिटवामिटवीची बैठक बसली, तेव्हा मागून ठमीबाई उठल्या. खंडेरावांच्या शेतावर भात लावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"माझ्या आयेचं गानं हाय ते, चैतीचं. तुमी दोनच कडवी नाचवता रं. तिसरं येतं का कोनाला?"

"म्हणा की आजी," विनोदने हसत मोबाईल पुढे धरला, "रेकॉर्डच करतो."

ठमीबाईंनी म्हटलं. त्यात पोटुशी चैती रोपं लावताना दमून बांधावर टेकते आणि मालक येऊन तिला लाथ घालतो. मालकाचं नाव खंडेराव, चांगलं दोनदा येतं.

"आता लिवा, माझ्या आयेचं नाव लिवा."

आजोबांच्या तेराव्यालाही वेगळ्या पंगतीत बसलेल्या त्या दोघांचं तिथल्या तिथे एकमत झालं.



दोन्ही चॅनेलवर आता एकच ओळ आहे : 'पारंपरिक लोकगीत. कवी अज्ञात.'