लाल दोऱ्याच्या चौघी

डॉ. मंदाकिनीने चौथ्या बदकीच्या पायाला लाल दोरा बांधला आणि तिलाही डालग्यात घातलं.

"या चौघींना सुई नाही," ती म्हणाली.

"का वो बाई? त्यांनी काय घोडं मारलंय?" बदकांची मालकीण नूरबानू म्हणाली.

"नाही म्हणजे नाही."

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईला शोभेल असंच उत्तर. पण खरं कारण तिच्या तोंडून निघेना. लोणी काळभोरच्या या तळ्यावर बदकांचा प्लेग येऊन गेला होता आणि त्यात नूरबानूची निम्मी बदकं गेली होती. विषाणू अजून पाण्यात आहे का, हे लस टोचलेली बदकं सांगणार नव्हती, ती जगणारच. सांगणार होत्या या बिनलसीच्या चौघी, आणि त्याही मरून. बदकांना लेकरांसारखं वाढवणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं? मंदाकिनीला स्वतःचीच लाज वाटली.

प्रयोगशाळेतला नवा मदतनीस मच्छिंद्र बाकीच्या बदकांना टोचायला बसला, तशी ती पाण्याचे नमुने घ्यायला तळ्यावर गेली. परतली तेव्हा लसीची रिकामी बाटली ओट्यावर पडली होती आणि मच्छिंद्र अंड्याची पोळी हाणत होता. पहिलीच खेप, पण पाहुणचार जावयाचा चालला होता. मंदाकिनीने डालगं उघडून चौघींना कळपात सोडलं.

त्यानंतर ती दर आठवड्याला येई. दर वेळी नूरबानूची जाऊ अख्तरबानू दारातच विचारी, "आज सोडू का पिल्लं?" नवरा गेल्यावर तिने बदकांची पिल्लं आणून नव्याने सुरुवात केली होती. पिल्लं लस देण्याच्या वयाची नव्हती, म्हणून पडवीत कोंडलेली. तळ्यात रोग असेल तर एकही वाचणार नव्हतं.

"थांबा अजून," मंदाकिनी म्हणे आणि धाकधुकीने लाल दोरे शोधी. चौघी धडधाकट असत.

शेवटच्या खेपेला दोरे विटून गुलाबी झाले होते. मंदाकिनीने एकेकीला उचलून डोळे पाहिले, चोच पाहिली. चौथीला खाली ठेवताना तिला भरून आलं. मरायला ठेवलेल्या चौघी जगल्या होत्या, म्हणजे तळं स्वच्छ होतं.

"सोडा," ती अख्तरबानूला म्हणाली.

पडवीचं दार उघडलं. पिवळी पिल्लं एकमेकांना ढकलत उतारावरून गेली आणि पाण्यात शिरली. अख्तरबानू पदराने डोळे पुसत काठावर उभी राहिली.

नूरबानूने चहा आणला. कपबशी हातात देऊन ती जरा घुटमळली.

"आता रागावू नका, बाई. ह्या चौघीच तेवढ्या राहिल्या, ते काय माझ्या मनाला पटंना. तुम्ही पाण्यावर गेला व्हता, तवाच मच्छिंद्रभाऊंकडनं त्यांना बी टोचून घेतलं."