पलंगाशेजारची बादली

"गळतंय? कुठे? मला तर काही दिसत नाही," असं माझा लेक दोन महिने म्हणतोय आणि मी पलंगाशेजारी बादली ठेवून झोपतेय. त्या हौसेच्या ड्रोनला मात्र जिवापाड जपतो! पावसात उडवायचा म्हणून त्याच्या सर्किटला बायकोचं नेलपॉलिश फासलं, फटीफटीत सिलिकॉन भरलं. "उरलेली ट्यूब छताला लाव रे," म्हटलं, तर म्हणे, "संपली."

आज पाऊस कोसळू लागताच लेक ड्रोन घेऊन तडक माझ्या खोलीत आला. छताकडे न बघताच त्याने बादली बाजूला सारली आणि तिच्या जागी ड्रोन ठेवला.

"पाणी आत जातं का बघायचंय, आई. घरातली सगळ्यात मोठी धार इथेच पडते, मी बघून ठेवलंय."