उजवा हात तुलनेला

"टोचायचंच होतं तर दोन्ही हातांना टोचायचं," ताई म्हणाली.

"मग औषधानं फरक पडला हे कळणार कसं?" मी डाव्या हाताची बाही वर केली. दंड सुजून लाल झाला होता. "उजवा तुलनेसाठी तसाच ठेवलाय."

आमच्या घरात स्नायू झिजण्याचा आजार आहे. आईचे हात त्यानेच गेले. ताईला आता पाण्याचा पेलासुद्धा धरवत नाही, आणि यंदा माझीही बोटं कमजोर व्हायला लागली. दोष एका जनुकात आहे. तो दुरुस्त करणारं औषध मी प्रयोगशाळेत बनवलं, पण रुग्ण फार थोडे आहेत म्हणून समितीने चाचणीला परवानगी नाकारली.

"मेलीस म्हणजे?"

"मरेन. पण समितीची वाट बघत मरणार नाही."

ताईने चिडून तोंड फिरवलं. मग स्वतःचा वाळलेला हात पुढे केला. "मलाही दे. माझं आता काय जायचं राहिलंय?"

"तुला उपयोग नाही, ताई. गेलेला स्नायू परत येत नाही." हे तिच्याकडे बघून मला सांगता आलं नाही. "तुझ्या लेकीला उपयोग होईल. दोष तिच्यातही आहे, पण तिचे हात अजून शाबूत आहेत. फक्त आधी माझ्यावर सिद्ध होऊ दे."

मी डाव्याच दंडात दुसरी सुई टोचून घेतली. कापसाचा बोळा ताईने दोन्ही तळव्यांत उचलला आणि माझ्या दंडावर ठेवला. बोटांत जोर नव्हता, म्हणून त्यावर आपलं कोपर रोवलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. "पोरीशी मी बोलते. तू तुझं चालू ठेव."