खडकीबारीचे टायर

"एवढे अरुंद टायर? ताई, गाडीला शोभणार नाहीत," शहाद्याचा टायरवाला इक्बालभाई म्हणाला.

"शोभा नकोय. खडकीबारीला पोचायचंय," सुनंदा वसावे म्हणाली.

सातपुड्यातलं खडकीबारी तिचं माहेर. तिथे वर्षभरात एकही स्वयंचलित गाडी पोचली नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे उद्या सरकार ते गाव नकाशावरून पुसून माणसांना खालच्या वसाहतीत हलवणार होतं. गाडीच्या कंपनीचे टायर रुंद आणि बाजूने बुटके. दगड लागला की रिम वाकायची आणि गाडी मागे फिरायची.

सुनंदाने लहान रिम आणि उंच बाजूचे टायर निवडले. चाकाची एकूण उंची मात्र तीच ठेवली, म्हणजे गाडीच्या संगणकाला फरक कळणार नव्हता.

घाटात गाडी बोलली, "पुढे रस्ता नाही. परत फिरू?"

"माझा बाप याच रस्त्याने मला शाळेत सोडायचा. चल पुढे!"

टायर दगडांवर दबत, पुन्हा फुगत वर चढले. गावात गाडी थांबली आणि पोचल्याची नोंद फोटोसकट आपोआप सरकारी कचेरीत गेली.

लगेच कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. "बाई, फोटोत दिसतंय, टायर कंपनीचे नाहीत. नोंद रद्द होईल."

"त्यासाठी जागेवर येऊन पंचनामा करावा लागतो ना? या की मग. गाडीनेच या. पोचलात तर तुमचीही नोंद होईल."

सुनंदाने फोन ठेवला. अंगणाअंगणांत माणसं बांधलेली बोचकी सोडायला लागली.