चाळीस चाली खोल

बुद्धिबळाचे प्रोग्रॅम तपासणं हे माझं काम. एकच डाव दोन कॉम्प्युटरना द्यायचा आणि मिनिटभरात कोण किती चाली पुढचं पाहतो, ते लिहून ठेवायचं. नवा वीस चाली पाहायचा, जुना रडतखडत अकरा.

सोमवारपासून जुना चाळीस दाखवू लागला. तेही मी डाव मांडण्याआधीच.

मी हट्टाला पेटलो. आज घरी आतल्या खोलीत लाकडी पटावर नवाच डाव मांडला, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून ऑफिस गाठलं.

जुन्याच्या स्क्रीनवर तोच डाव होता. फक्त घोडा कोपऱ्यात सरकला होता.

बायकोला फोन लावला. "आतल्या खोलीचं कुलूप जागेवर आहे ना, बघ जरा."

"कुलूप कुठलं? आतून कडी लावून मघापासून सोंगट्या सरकवतोयस," ती वैतागून म्हणाली. "आणि घरातल्या घरात फोन कशाला?"