सत्तरवर अडकलेला काटा

सरांचं सामान तिनं बाकावर मांडलं, तेव्हा सहाही शिकाऊ पोहण्याचे कपडे चढवून दारात गर्दी करून उभे होते. मास्क, फिन्स, वजनाचा पट्टा, जॅकेट, जाळ्यात अडकलं तर कापायला चाकू, वर आल्यावर बोटीला दिसावा म्हणून नारिंगी फुगा. टाकी बंद, पण नळ्या जोडलेल्या. त्यातल्या एका नळीच्या टोकाला टाकीत किती हवा उरली ते दाखवणारं गेज. ते तिनं पालथं ठेवलं होतं.

डायव्हिंग शिकवणाऱ्या या शाळेचा नियम कडक होता. बाकावरची एकेक वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट बघायची, मोठ्यानं 'पाहिलं' म्हणायचं आणि मगच अंगावर चढवायची. नियम सरांनीच घातलेला, त्यामुळे ते स्वतः सोडून सगळे तो पाळत. सरांचं सामान दुसऱ्यानं मांडायचं आणि सरांनी घाईतल्या माणसानं शर्ट अडकवावा तसं ते अडकवून बोटीवर जायचं.

ती दोन महिन्यांपूर्वी इथं सामानाच्या खोलीत कामाला लागली ती याच एका सवयीच्या भरवशावर.

गेज याच शाळेनं तिच्या शिकाऊ भावाला दिलेलं होतं. पाण्याखाली त्याचा काटा सत्तरवर अडकला, भावाला वाटलं हवा अजून पुरेशी आहे, आणि तो जिवंत वर आलाच नाही. चौकशीत सर म्हणाले, "गेज मी स्वतः तपासलं होतं. उत्तम होतं. चूक मुलाची." चौकशीच्या साहेबांनी मान डोलावली आणि गेजचं पाकीट न फोडताच घरी पाठवून दिलं. तिनं ते फोडलं. टाकीला न जोडलेल्या गेजचा काटा शून्यावर असतो. हा सत्तरवर होता.

आज सरांनी बघितलं तर बघितलं. नाही बघितलं तर ती थांबवणार नव्हती. सकाळी चहा पिता पिता ठरवलं होतं तिनं, आणि चहा चांगला लागला होता.

"सर, आमच्याकडून रोज घोकून घेता," शिकाऊंमधल्या डेंटिस्ट बाई म्हणाल्या. "आज तुम्ही करून दाखवा की!"

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला त्या बाईंचा गळा धरावासा वाटला. हातातोंडाशी आलेलं गेलं.

सर मात्र खुशीत आले. त्यांनी मास्क उचलला. "पाहिलं!" पट्टा. "पाहिलं!" चाकूचं पातं नखावर घासून सगळ्यांना हसवलं. मग त्यांनी गेज उताणं केलं.

ते टाकीकडे बघू लागले. टाकी बंदच होती. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. गेजच्या पाठीवर लाल नेलपॉलिशनं शाळेच्या सामानाचा नंबर लिहिला होता, 'अकरा'. तो आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी मान वर केली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच सामानाच्या खोलीतल्या बाईकडे नीट बघितलं.

"हे कुठून आलं?"

"आमच्या घरून," ती म्हणाली. "चौकशीच्या साहेबांनी पाठवलेलं. तुम्हीच तपासलेलं आहे, सर. उत्तम आहे."

एकदम तिच्या लक्षात आलं की काहीच हातचं गेलेलं नाही. उलट असं तर तिला मागूनही मिळालं नसतं. आता 'पाहिलं' म्हणाले, तर हेच घेऊन खाली जायचं. नाही म्हणाले, तर सहा जणांदेखत म्हणायचं. इतका आनंद तिला भाऊ गेल्यापासून झाला नव्हता, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

बाहेर बोटीचा भोंगा वाजला.

"सर, 'पाहिलं' म्हणायचं राहिलं तुमचं," डेंटिस्ट बाई हसत म्हणाल्या.

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"याचा... काटा अडकलाय," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, सर. नियम आहे," ती म्हणाली.

"काटा अडकलाय!"

आता कोणीच हसत नव्हतं. तिनं बाकावर दोन्ही हात टेकले आणि अगदी अदबीनं विचारलं,

"कधीपासून, सर?"